रिमला लागलेलं तेल

बाळाराम,

परवा तुझ्या बाराव्याला पंगतीत बसलो खरा, पण लक्ष ताटात नव्हतं. वडे होते, वाटाण्याची आमटी होती, मंदावहिनी स्वतः फिरून आग्रह करत होत्या, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की आपलं भांडण अर्धवट राहिलं. लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते. कुणी म्हणालं देवमाणूस, कुणी म्हणालं शब्दाचा पक्का. मी मनात म्हटलं, ते सगळं ठीक आहे, पण माणूस एक नंबरचा हेकट होता हे कोण सांगणार? ते सांगायला मी एकटाच उरलोय, म्हणून लिहायला बसलो.

हॉस्पिटलमधली आपली शेवटची भेट आठव. तुझ्या नाकात नळी, आवाज खोल गेलेला, आणि मला बघितल्याबरोबर तू म्हणालास, "मिल्या, तार तुटलेली हं." कुठली तार, कशाची तार, तिसऱ्या माणसाला काही कळलं नसतं. मला लगेच कळलं. मी म्हटलं, "तार तुटली नव्हती, बाळाराम. रिमला तेल होतं." तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "तेलानं कवा कुनाचं वाईट झालंय?" मी उत्तर देणार तेवढ्यात सिस्टर आली. "काका, पेशंटला बोलायला लावू नका." तू तिला म्हणालास, "तो नाय लावत, मीच बोलतंय." तरी तिने मलाच बाहेर काढलं. दारातून मी म्हटलं, उद्या बघतो तुझ्याकडे. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा खाटेवर नवी चादर घालत होते.

तर आता माझी बाजू मांडतो. तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, याचा मला काडीचाही आनंद नाही.

आपण एकमेकांच्या वाट्याला आलो ते या नव्या शहरामुळे. तुमची भातशेती गेली, मिठागराचा मोठा तुकडा गेला, आणि त्याच जमिनीवर भराव टाकून उभ्या राहिलेल्या वसाहतीत परभणीकडून आलेल्या आमच्यासारख्यांना एका खोलीचं घर मिळालं. बाबा महाप्याच्या एका कारखान्यात लागले होते. खरं तर तुम्ही गाववाल्यांनी आम्हाला दारातही उभं करायला नको होतं. तू मात्र पहिल्या भेटीतच म्हणालास, "तुमच्या मोरीच्या खाली आमचं मिठागर हाय, जरा सांभालून आंघोल कर." बाबांना तू टोमणा मारतोयस असं वाटलं. मला हसू आलं. त्या हसण्यावर आपली सगळी दोस्ती उभी राहिली.

मी तेव्हा कॉलेजला होतो आणि शिकवण्या घ्यायचो. तू नेरुळच्या वर, डोंगरातल्या दगडखाणीत निशाणवाला होतास. सुरुंगाचा बार उडवायच्या आधी वळणावर लाल निशाण घेऊन उभं राहायचं, शिट्टी मारायची, आणि वरून येणारे खडीचे डंपर अडवून धरायचे. बार झाला, धूळ खाली बसली, की निशाण खाली करायचं आणि सगळ्यांना सोडायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी खाणीतून आलास की तुझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या.

आणि मग मी ते चित्र आणलं. रद्दीच्या दुकानात इंग्रजी मासिकांचा गठ्ठा चाळताना सापडलं होतं. परदेशातला कुणी माणूस जाड जाड टायरांच्या सायकलवरून दगडधोंड्यांचा डोंगर उतरत होता. अंगभर चिखल आणि तोंडभर हसू. आपल्याकडे सायकल म्हणजे डबा लावून कामावर जायची वस्तू. ती घेऊन कुणी मजेसाठी डोंगरावरून खाली येतं, हे आपल्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तू ते चित्र कितीतरी वेळ बघत बसलास. मग म्हणालास, "त्यांच्याकडं डोंगर हाय नि सायकल हाय. आपल्याकडं डोंगर तर हायच." म्हणजे तुझ्या हिशेबाने अर्धं काम झालेलंच होतं.

मी विचारलं, तुला कशाला हवंय हे? तुझं उत्तर मी आयुष्यभर विसरलो नाही. तू म्हणालास, "दिवसभर मी दुसऱ्याला थांबवतंय. मना एकदा न थांबता खाली यायचं हाय."

त्या दिवसापासून सायकल हे फक्त माझं वेड राहिलं नाही, मी तुझं देणं लागत असल्यासारखं झालं.

तशी जाड टायरांची, सरळ हँडलची सायकल मुंबईत एका दुकानाच्या काचेत लावलेली आपण दोघांनी पाहिली. आत शिरायचीही हिंमत झाली नाही. किंमत लिहिलेली चिठ्ठी बाहेरूनच दिसली आणि आपण समोरच्या टपरीवर एक चहा दोघांत पिऊन परत आलो. येताना तू म्हणालास, "घेता नाय येत तर बनवू." तुझी पगारातली शिल्लक आणि माझ्या शिकवण्यांचे पैसे, निम्मे निम्मे. त्यात बसेल तीच सायकल, आणि ती दोघांची.

पनवेलच्या त्या जुन्या सायकलींच्या दुकानात आपण किती रविवार घालवले कोण जाणे. दुकानदार शेठ वैतागला होता. "लेका, डोंगर उतरायला सायकल कशाला लागते? दगडपण उतरतो," असं तो म्हणाला, आणि तू अगदी गंभीरपणे त्याला सांगितलंस, "दगड परत वर नाय नेता येत." त्यानंतर त्याने आपल्याला स्टूल द्यायला सुरुवात केली.

सांगाडा तू निवडलास. एकेक सायकल उचलायचास, जोडांवर नख घासून वेल्डिंग पाहायचास, आणि मडकं घेताना बायका वाजवून घेतात तसं बोटाच्या पेरांनी वाजवून कान लावायचास. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि माझी खात्री आहे, तुलाही कळत नव्हतं. पण तू निवडलेला तो सांगाडा शेवटपर्यंत कुठे तडकला नाही, हे मान्य करतो. उंची माझ्या मनासारखी घेतली, म्हणजे घसरायला लागलं तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टायर दूधवाले कॅनचं ओझं वाहायला लावतात तसले, मिळाले त्यातले सगळ्यात जाड. हँडल खाली वळलेलं काढून सरळ घातलं.

तरी पैसे पुरेनात. मग आपण सायकल सोलायला घेतली. डोंगरावर कॅरियर कशाला? काढा. स्टँड कशाला, आडवी टाकू की. काढा. मडगार्डात खडे अडकतील, काढा. चेनकव्हर, डायनॅमो, दिवा, सगळं उतरवलं. प्रत्येक वस्तू शेठने परत घेतली आणि किंमत थोडी थोडी खाली आली. डोंगराला जे नको ते आपल्या खिशालाही नको होतं, असा तो योग जुळला. फक्त घंटी काढायला तू तयार झाला नाहीस. "म्हशींना कलायला नको?" घंटी राहिली.

आणि मग ब्रेक. इथे आपली पहिली ठिणगी पडली. तुला लोखंडी दांड्यांचे ब्रेक हवे होते, तुझ्या बापाच्या सायकलला होते तसले. "तार ती तारच. कवातरी धोका देनार." मला तारेचे ब्रेक हवे होते, कारण चित्रातल्या सायकलला तारा दिसत होत्या. दुकानात शब्दाला शब्द वाढला. शेवटी शेठ म्हणाला, दांड्यांचे महाग पडतील, नवे घालावे लागतील. तिथे निकाल लागला. मी जिंकलो ते अकलेमुळे नाही, स्वस्ताईमुळे, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण तू त्या दिवसापासून "मिल्याचे ब्रेक" असंच म्हणायला लागलास.

सायकल पारखायची कुठे, तर तुमच्या उरलेल्या मिठागराच्या बांधावर. आपल्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं. डोंगर उतरायची सायकल, आणि आपण ती पारखली टेबलासारख्या सपाटीवर. तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधे मिठाचे ढीग. "पान्यासारखी चालते र," तू ओरडलास. ब्रेकही दाबून पाहिले, दोघांनी, पुन्हा पुन्हा. चाक जागच्या जागी थांबत होतं. बाळाराम, हे लक्षात ठेव. बांधावर मिल्याचे ब्रेक व्यवस्थित लागत होते. तूच म्हणाला होतास, "बरे हायत."

मग सायकल तुमच्या घरी राहिली. तुमचं घर खाडीला लागून. खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं ठेवलं की त्याला गंज खातो, हे तुमच्याकडे पोर रांगायच्या आधी शिकतं. तुझी आय कोयत्याला तेल द्यायची, कुलपाला द्यायची, दाराच्या बिजागऱ्यांना द्यायची. खिडकीच्या गजांवरून तिचं तेलाचं फडकं फिरलेलं मी कितीदा पाहिलं होतं. घरात नवी लोखंडाची वस्तू आली की हळद-कुंकू, नारळ, आणि वरपासून खालपर्यंत तेल, हा तुमचा रिवाज. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. बाबांनी गावाकडची दैवतं आणि नारळ सगळं गावाकडेच सोडलं होतं, आणि या बाबतीत ते फार कडक होते. हे तुला पक्कं माहीत होतं.

खाणीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आपण सायकल ढकलत डोंगर चढलो. डंपर नव्हते, खडी फोडायचा क्रशर बंद होता, रस्त्याच्या कडेच्या झाडांची पानं भुकटीने पांढरी झालेली. वर पोचलो तेव्हा घामाघूम झालो होतो. खाली खाडी दिसत होती, मिठागरं दिसत होती, आणि मधे आमच्या वसाहतीपलीकडे अर्धवट इमारतींच्या सळ्या. मला वाटलं, आता तू बसणार. हा दिवस तुझाच होता. माझी तशी पूर्ण तयारी होती, अगदी निशाणही मी हातात घेतलं होतं.

तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस. "पयला तू. वलणावर कुनीतरी पायजे, नि ते काम मना येतं."

मी म्हटलं, अरे पण तुला न थांबता यायचं होतं ना?

"येईन की. डोंगर कुठं पलतोय?" असं म्हणून तू निघालासही. थोड्या वेळाने वळणावरून तुझा आवाज आला. "मिल्या र, ये. मी खाली हाय."

ते वळण तुला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहितो. रस्ता उतरत येतो आणि एकदम डावीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला जुनी खाण, खोल, तळाला हिरवं पाणी. आतल्या अंगाला क्रशरमधून पडलेल्या बारीक चुरीचा ढीग, घराएवढा. कठडा वगैरे काही नाही.

मी सुटलो. पहिला उतार मजेत गेला. कानात वारा, खाली खडी कडकडतेय, मी मोठमोठ्याने हसत होतो. मग वेग वाढला, म्हणून ब्रेक दाबला. तो दाबलाही गेला. पण सायकल आपली चाललीच. मी दोन्ही मुठी आवळल्या, सगळा जोर लावला, तरी रबर रिमवरून नुसतं घसरत होतं. पाय टेकवून पाहिले तर चपला निघून गेल्या. आणि समोर वळण आलं.

तू तिथून पळाला असतास तर तुला कुणी नावं ठेवली नसती. उलट तू खाणीच्या कडेला, अगदी टोकाला, हात पसरून उभा राहिलास. तुला एका नजरेत कळलं होतं. डंपरचे ब्रेक गेले की कसे येतात ते तू पाहिलेलं होतंस. मी तुझ्याकडेच बघत होतो, आणि म्हणून सायकल तुझ्याकडेच येत होती. तू निशाणाने ढिगाकडे दाखवत ओरडलास, "माझ्याकडं बघू नको! ढिगाकडं बघ, ढिगात घाल!" मला तो ढीग भिंतीसारखा दिसत होता. भिंतीत सायकल घालायची हे डोक्याला पटत नव्हतं. पण तू सांगत होतास आणि तू हलत नव्हतास. मी मान वळवली. मान वळली तशी सायकल वळली.

पुढचं एवढंच आठवतं की तोंडात चुरी होती आणि तू बोटाने माझ्या नाकातली भुकटी काढत होतास. मी उठून बसलो, हातपाय हलवून बघितले, सगळं जागच्या जागी होतं. तू जवळच मटकन बसलास. आपण दोघं पांढरेफटक, भुतांसारखे. आणि मग तुझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं? "ब्रेक कुनी निवडलेले?"

मी तिथल्या तिथे सायकल उलटी केली आणि रिमवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "हे काय आहे?"

"तेल."

"रिमला?"

"लोखंड हाय ते," तू म्हणालास.

आता जे कधी बोललो नाही ते. रिमवरून बोट फिरवताना मला स्पोकच्या मुळाशी लाल दिसलं. कुंकू होतं, तेलात कालवलेलं. म्हणजे तू सकाळी मी यायच्या आधी सायकलची पूजा केली होतीस, माझ्या अर्ध्या सायकलीचीसुद्धा. आणि मग ते कुंकू माझ्या नजरेला पडू नये, बाबांना कळून आमच्या घरात वाद नको, म्हणून तेलाच्याच फडक्याने पुसून काढलं होतंस, अगदी रिमवरूनही. तू रिमला तेल लावलं नव्हतंस, बाळाराम. तू माझ्यासाठी कुंकू पुसलं होतंस. हे एका वाक्यात सांगितलं असतंस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तू सांगितलं नाहीस. मीही, मला दिसलं, असं म्हणालो नाही. आपण तार आणि तेल, तार आणि तेल करत बसलो, कारण ते भांडायला सोपं होतं.

त्या दिवशी तू आणखी एक केलंस. शर्ट काढलास, मूठभर चुरी घेतलीस आणि राखेने भांडी घासावी तशा दोन्ही रिम लख्ख घासल्यास. मग पान्याने तारही थोडी ताणलीस. ते ताणणं मला तेव्हाच खटकलं होतं, आणि पुढे सगळा घोळ त्यानेच घातला. सायकल घेऊन तू एकटा वर गेलास. मी निशाण घेऊन वळणावर उभा राहिलो, खाणीच्या कडेला, तू उभा होतास तिथेच. तिथे उभं राहायला काय लागतं ते मला तेव्हा कळलं. मी ओरडलो, "बाळाराम, मी खाली आहे."

तू आलास. घंटी वाजवत आलास, वरपासून खालपर्यंत, एका म्हशीचा पत्ता नसताना. वळणावर ब्रेक लागले, चाकाखालून धूळ उडाली, तू वळलास आणि न थांबता तसाच खाली गेलास, पार गावाच्या रस्त्यापर्यंत. मी धावत धावत मागून आलो तेव्हा तू रस्त्याकडेला सायकल धरून उभा होतास आणि रडत होतास. मी विचारलं, काय झालं, लागलं का? तू म्हणालास, "धूल गेली डोल्यात."

मी म्हटलं, बघ, तेल गेलं आणि ब्रेक लागले. तू म्हणालास, तार ताणली म्हणून लागले. झालं. त्यातून पुढे कुणाचीच सुटका झाली नाही. पहिली काही वर्षं तू म्हणायचास, तार सैल होती. तुझ्या प्रणालीच्या लग्नात व्याह्यांना सांगताना तार सुटली होती. आणि हॉस्पिटलात ती तुटली. आणखी जगला असतास तर मला वाटतं, सायकलला ब्रेकच नव्हते, इथपर्यंत गेला असतास.

पुढे कितीतरी सुट्ट्यांना आपण तो डोंगर उतरलो. आळीपाळीने, एक वर, एक वळणावर. एकच सायकल असल्यामुळे दुसऱ्याला खाली उभं राहावंच लागायचं. कुणाकडे दोन सायकली असत्या तर दोघं एकदम उतरले असते आणि वळणावर कुणीच उभं राहिलं नसतं. आपण गरीब होतो हे त्या बाबतीत बरंच झालं, असं आता वाटतं.

मग खाणींनी तो डोंगरच पोखरला. आधी वरचा रस्ता गेला, मग वळण गेलं. तू खडी-रेतीच्या धंद्यात पडलास, गावठाणात तीन मजली घर बांधलंस. मी नोकरी करत सीवूड्सला फ्लॅट घेतला. सोसायटीत सायकल ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती तुझ्याकडेच राहिली, मागच्या खोलीत, छताजवळच्या हुकांना टांगलेली, वरून गोणपाट. मी यायचो तेव्हा आपण पुढच्या ओट्यावर बसायचो. भांडण सायकलवरूनच व्हायचं, पण ती काढून बघावी असं कधी डोक्यात आलं नाही.

आणि तुझं ते वाक्य मात्र चालूच राहिलं. बाबा गेले तेव्हा सकाळी फोन आला, "मिल्या, मी खाली हाय." तू बिल्डिंगच्या गेटवर उभा होतास, येणाऱ्या-जाणाऱ्यांना जिना दाखवत, गाड्या लावायला सांगत, दिवसभर. वर ये म्हटलं तर म्हणालास, वरती तुमची मानसं हायत, मना खाली बरं. तुझ्या शोभावहिनीच्या ऑपरेशनला मी वर दाराशी बसलो होतो आणि तू खाली कँटीनपाशी. "टेन्शन घेऊ नको, मी खाली हाय." तू काही करत नव्हतास खरं तर. पण माझ्या पायांना जमीन लागायची. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ते बरं दिसलं नसतं. आता मानतो, दिसायचं तसं दिसू दे.

बाराव्याचं जेवण आटोपल्यावर प्रणाली माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, पप्पांची सायकल तुम्ही घेऊन जा. अर्धी तुमचीच आहे ना." मी नको नको म्हणत होतो. पण तिने शिडी आणवली, मागच्या खोलीत गेलो, हुकावरून सायकल उतरवली आणि गोणपाट काढलं.

बाळाराम, सगळी सायकल तेलाने चमकत होती. सांगाडा, चेन, हँडल, पॅडल, घंटीची वाटीसुद्धा. काल घेतल्यासारखी. आणि दोन्ही रिम गंजून तांबड्या झाल्या होत्या. पापुद्रे सुटले होते, हात लावला की बोटाला लागत होते.

मी बघतच राहिलो. प्रणालीला वाटलं मला वाईट वाटतंय. ती म्हणाली, "पप्पा स्वतः तेल द्यायचे हो. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर, कधी चुकलं नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा मी रिमला फडकं लावायला गेले तर हातावर चापट मारली. म्हणाले, तिथं नाय. मी विचारलं का, तर काही बोलले नाहीत."

खाडीच्या काठावर जन्मलेल्या माणसाने, आयच्या हाताखाली वाढलेल्या माणसाने, घरातलं लोखंड डोळ्यांदेखत गंजू दिलं. तोंडाने शेवटच्या दिवसापर्यंत तार तार केलंस आणि हाताने इतकी वर्षं माझं म्हणणं मान्य करत राहिलास. मला कळू दिलं नाहीस. मी त्या खोलीत, प्रणालीच्या समोर, हुंदके देऊन रडलो. धूळ नव्हती, बाळाराम, तुझ्या घरात धूळ असतेच कुठे?

सायकल आता माझ्या बाल्कनीत आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीने नाराजी कळवली आहे, बघून घेईन त्याला. काल संध्याकाळी शोभा तेलाची बाटली आणि फडकं घेऊन आली. म्हणाली, चाकं बघा किती गंजलीत, आधी तिथे द्या. मी तिच्या हातातून फडकं घेतलं आणि खाली बसून सावकाश तेल दिलं, सांगाड्याला, चेनला, हँडलला, तुझ्या घंटीला. रिम तशाच ठेवल्या.